मामांचं पॅन मोकळं करायचं काम: नोंदवही

३ जून २०२५, मंगळवार

दुपारी मामीचा फोन. "पोस्टमननं लिफाफा दिलाय, इनकम टॅक्सचा हाय म्हणं. मामा जेवलेले न्हाईत सकाळपासनं." ऑफिसातून तासभर आधी सुटले आणि इचलकरंजीहून सांगली, तिथून तासगाव अशी एसटी बदलत दिवेलागणीला पोचले.

नोटीस कलम १४८अ ची आहे. कर निर्धारण वर्ष २०२२-२३. मजकूर थोडक्यात असा: तुमच्या पॅनवर जीएसटी विवरणांप्रमाणे ४ कोटी ६२ लाखांची उलाढाल दिसते, तुम्ही विवरणपत्र भरलेलं नाही, हे उत्पन्न करातून सुटलं असं का समजू नये ते २० जूनपर्यंत सांगा.

मामांची दोन एकर द्राक्षबाग, एक विहीर, सोसायटीचं पीककर्ज. शेतीचं उत्पन्न करमुक्त, त्यामुळे विवरणपत्र भरायचा प्रसंग कधी आलाच नाही. पॅन काढलं तेही बँकेनं मागितलं म्हणून. मामा पुन्हा पुन्हा एकच विचारत होते, "पोरी, कोटी म्हंजी किती शून्य?"

मी सूतगिरणीत हिशेबाचं काम करते, जीएसटीची विवरणं रोज हाताखालून जातात. म्हणून हे काम माझ्याकडे. आजपासून वही घातली. कोणाशी काय बोलले, कोणता कागद कुठे दिला, पोच मिळाली की नाही, सगळं इथे.

४ जून

आयकराच्या पोर्टलवर मामांचं खातं उघडायला गेले तर पॅन आधीच नोंदलेलं! मामांनी तर हे पोर्टल कधी पाहिलंही नाही. "पासवर्ड विसरलो" मधून आधारच्या ओटीपीनं आत शिरले. आधारला मामांचाच नंबर जोडलेला आहे, एवढं नशीब. आत संपर्काच्या रकान्यात भलताच ईमेल, भलताच मोबाईल. दोन्हीचे स्क्रीनशॉट आधी घेतले आणि मगच बदलले. घाईनं बदलले असते तर पुरावाच पुसला गेला असता.

मग वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, उघडलं. २०२१-२२ च्या पानावर जीएसटी उलाढालीची ओळ, खाली महिन्यांप्रमाणे आकडे. २०२२-२३ पासून पुढे काहीच नाही.

त्यानंतर जीएसटी पोर्टलवर पॅन टाकून शोध घेतला. त्याला लॉगिन लागत नाही, कोणीही करू शकतं. मामांच्या पॅनवर दोन नंबर निघाले.

जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन जसंच्या तसं. आपल्या महाराष्ट्राचा आकडा २७. मामांच्या नावावरचा एक नंबर ०७ ने सुरू होतो, म्हणजे दिल्ली. दुसरा ०६ ने, म्हणजे हरियाणा. दोन्हीकडे कायदेशीर नाव मामांचं, व्यवसायाचं नाव कुठल्याशा 'एंटरप्रायझेस'चं, मालकी एकट्याची, माल लोखंडाचं भंगार. दिल्लीचा नंबर नोव्हेंबर २०२१ चा, जून २०२३ मध्ये खात्यानं स्वतःहून रद्द केलेला. हरियाणाचा जानेवारी २०२२ चा आणि अजून चालू.

हरियाणाच्या नंबरखाली विवरणांचा तक्ता पाहिला. दर महिन्याचं विवरण वेळेवर भरलेलं, अगदी एप्रिल २०२५ पर्यंत. एआयएसमध्ये मात्र त्या वर्षांत उलाढाल नाही. म्हणजे तीन वर्षं कोणीतरी शून्याची विवरणं भरून हा नंबर जिवंत ठेवतंय, पुढे वापरायला. मला नोटिशीपेक्षा याचीच जास्त भीती वाटली. नोटीस झालेल्या गोष्टीची आहे, हा नंबर उद्याच्या बोगस बिलांसाठी राखून ठेवलाय.

५ जून

मामांना शांतपणे बसवून विचारलं, कागद कुणाला दिले होते? बराच वेळ गप्प. मग मामीच बोलल्या. २०२१ च्या पावसाळ्यात एक माणूस गावात आला होता. बिनव्याजी कर्ज करून देतो म्हणाला. पॅन, आधार, फोटो, पासबुकाचं पहिलं पान, सगळ्याचे मोबाईलवर फोटो घेतले. दिवाळीच्या सुमारास फोन आला, "कर्जमंजुरीचा ओटीपी आलाय तेवढा सांगा." मामांनी सांगितला. संक्रांतीच्या आसपास पुन्हा फोन, "पहिला फेल गेला, परत पाठवलाय." तोही सांगितला. दोन ओटीपी, दोन नोंदण्या. तारखा बरोबर जुळतात.

मामा म्हणाले, "माझंच चुकलं." मी त्यांना स्पष्ट सांगितलं की चोरी झाली म्हणजे चोराची चूक. जो स्वतःला दोष देत बसतो तो तक्रार करायला बिचकतो, आणि या लोकांना नेमकं तेच हवं असतं.

हा धंदा चालतो कसा, हे मामांना कळावं म्हणून पाटीवर काढून दाखवलं. बोगस फर्म माल न देता नुसती बिलं फाडते. बिल घेणारा त्यावरचा १८ टक्के कर आपण भरलाय असं दाखवून आपल्या देण्यातून वजा करतो, म्हणजे इनपुट टॅक्स क्रेडिट घेतो. सरकारात तो कर कधी आलेलाच नसतो. तपास झाला की पत्त्यावर कुलूप, आणि मालक म्हणून कागदावर ज्याचं पॅन तो सापडतो. १६ मे ते १५ जुलै २०२३ मध्ये देशभर अशा नोंदण्या शोधायची मोहीम झाली. २१,७९१ नोंदण्या अशा निघाल्या की त्या जागी धंदाच नाही, संशयित करचोरी २४,०१० कोटींची. दिल्लीचा नंबर त्याच काळात रद्द झालाय.

मामी आतून चहा घेऊन आल्या आणि हळूच म्हणाल्या, "किसानचे दोन हजार बंद होतील का गं?" आयकर भरणाऱ्याला ते मिळत नाहीत, म्हणून ही भीती. बोगस उलाढालीमुळे मामा कागदावर करदाते ठरले तर खरंच बंद होतील. हेही वहीत लिहून ठेवलं.

६ जून

आज फक्त दारं बंद करायचं काम.

आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं. यानं अंगठा, बोटं, डोळे बंद होतात, ओटीपी मात्र चालूच राहतो. रेशनला अंगठा लागतो, तिथे मामीचा चालेल. मामांच्या पाकिटात एक कागद लिहून घातला: 'ओटीपी कुणालाही फोनवर सांगायचा नाही. भाचीलाही नाही.'

आयकर पोर्टलवर वॉल्टची सोय आहे ती चालू केली. आता पासवर्ड माहीत असला तरी आधारच्या ओटीपीशिवाय कोणी आत येऊ शकणार नाही.

संचार साथी या सरकारी पोर्टलवर मामांच्या नावावरचे मोबाईल नंबर पाहिले. एक नंबर ओळखीचा नाही, 'माझा नाही' म्हणून कळवला. मग क्रेडिट रिपोर्ट. चारही कंपन्या वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट देतात, त्यातले दोन काढले. कर्ज कुठलं नाही, पण एका वित्तसंस्थेनं २०२२ मध्ये दोनदा चौकशी केलेली आहे. त्यांना लेखी विचारलं.

दोन सल्ले आले, दोन्ही धोक्याचे. शेजारचे काका म्हणाले, नवीन पॅन काढा म्हणजे सुटला. एका माणसाला दोन पॅन ठेवता येत नाहीत, दहा हजारांचा दंड आहे, आणि जुन्या पॅनवरचं देणं काही पुसलं जात नाही. दुसरा सल्ला माझ्याच ऑफिसातला: हरियाणाचं जीएसटी खातं आपल्या ओटीपीनं उघडून नोंदणी रद्द करायचा अर्ज टाक, पटकन संपेल. मोह मलाही झाला. पण तो अर्ज मालकानं करायचा असतो. केला असता तर फर्म आमचीच होती असं आमच्याच हातानं लिहून दिल्यासारखं झालं असतं. आमच्या सीए सरांनाही हे पटलं. फसवून घेतलेली नोंदणी जीएसटी कायद्याच्या कलम २९ खाली अधिकाऱ्याला रद्द करता येते, तेच मागायचं.

९ जून, सोमवार

तालुक्याच्या ठाण्यात तीन तास. "दिल्लीत घडलंय, दिल्लीला जा." मग अदखलपात्र म्हणून नोंद करून देतो म्हणाले. मी नको म्हटलं. अदखलपात्राच्या चिठ्ठीनं तपास सुरू होत नाही. तक्रार दोन प्रतींत होती, एकीवर आवक शिक्का आणि सही घेतली. ती द्यायलाही आढेवेढे घेतले, पण मामा हात जोडून उभे राहिल्यावर ठाण्यातल्या एका ताईंनी शिक्का मारून दिला.

नवीन फौजदारी प्रक्रिया संहितेत, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम १७३ सरळ सांगतं: दखलपात्र गुन्हा कुठल्याही हद्दीत घडो, माहिती घ्यायलाच लागते. परत येताना बसमध्ये ते कलम मामांना वाचून दाखवलं. मामा म्हणाले, "मग त्यांनी घेतली का न्हाई?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

१० जून

वटपौर्णिमा. मामींचा उपास, तरी नोटरीकडे सोबत आल्या. प्रतिज्ञापत्र केलं: मी अमुक, शेतकरी, दिल्ली-हरियाणात कधी गेलो नाही, हे दोन जीएसटी नंबर माझे नाहीत, मी कोणाला अधिकार दिले नाहीत.

मग चार लिफाफे आणि दोन ऑनलाईन तक्रारी.

जीएसटीच्या तक्रार पोर्टलवर दोन्ही नंबरांसाठी वेगवेगळी तक्रार टाकली, तिकीट क्रमांक मिळाले. पण नुसत्या तिकिटावर विसंबायचं नाही. नंबर शोधल्यावर खाली कोणत्या विभागाच्या, कोणत्या रेंजच्या अखत्यारीत आहे ते दिसतं. दोन्ही केंद्राकडे आहेत. त्या दोन अधिकाऱ्यांना रजिस्टर एडीनं पत्रं पाठवली. सोबत प्रतिज्ञापत्र, पॅन, आधारची शेवटचे चार आकडेच दिसणारी प्रत, सातबारा, पोलिसांची पोच.

दोन्हीकडे माहिती अधिकाराचे अर्जही केले. मागणी एवढीच: माझ्या नावावर नोंदणी देताना जोडलेले भाडेकरार, लाईट बिल, फोटो, बँक खात्याचा तपशील यांच्या प्रती, आणि दिलेल्या नोटिसा व आदेश. 'माझा संबंध नाही' असं कितीही ओरडलं तरी समोरच्याच्या फायलीत काय आहे ते बघितल्याशिवाय खोडून काढता येत नाही.

उरलेले दोन लिफाफे दोन्ही फर्मांच्या पत्त्यावर, तेही रजिस्टर एडीनं, छोटं पत्र हिंदीतून: इथे या नावाचा धंदा चालतो का, कृपया कळवा. सीए सर म्हणाले याचा काय उपयोग. मी म्हटलं, जाऊ दे, चाळीस रुपयांचा तर प्रश्न.

१२ जून

जिल्ह्याला. पोलीस अधीक्षकांच्या नावे अर्ज, आणि तिथूनच सायबर ठाण्यात. इथल्या अधिकाऱ्यांनी नीट ऐकून घेतलं. त्यांनीच एक गोष्ट समजावली जी मला ठाऊक नव्हती. कागद २०२१-२२ मध्ये बनवले, म्हणजे गुन्हा १ जुलै २०२४ च्या आधीचा. त्याला नवी न्याय संहिता लागत नाही, जुना भारतीय दंडविधानच लागतो: तोतयेगिरी ४१९, फसवणूक ४२०, बनावट दस्त ४६८ आणि ४७१. सोबत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६क, दुसऱ्याची ओळख वापरल्याचं. माझ्या तक्रारीत नवीन कलमं होती. तिथेच बाकावर बसून तक्रार पुन्हा लिहिली.

१८ जून

१४८अ ला उत्तर पोर्टलवर टाकलं, मुदतीच्या दोन दिवस आधी. सुरुवातीला ठाम नकार, मग कारणं, मग जोडपत्रं: प्रतिज्ञापत्र, सातबारा, सोसायटीचा कर्जउतारा, चार वर्षांची पासबुकं, द्राक्ष-बेदाण्याच्या विक्रीच्या पट्ट्या, पोलिसांच्या पोचा, जीएसटीची तिकिटं, पोर्टलवरच्या अनोळखी ईमेलचा स्क्रीनशॉट. शेवटी दोन मागण्या. तुमच्याकडे असलेली माहिती द्या, आणि समोर बोलावून ऐकून घ्या. एआयएसमधल्या त्या ओळींवरही 'माहिती अमान्य' असा अभिप्राय नोंदवला.

बेदाण्याच्या पट्ट्या मामांनी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवल्या होत्या, एका दोऱ्यात ओवून, २०१४ पासूनच्या. एकही गहाळ नाही. ज्या माणसानं शंभर किलोच्या हमालीची चिठ्ठीसुद्धा जपून ठेवली, त्याला सरकारच्या नोंदीत साडेचार कोटींचा हिशेब लपवणारा ठरवलंय. डबा पुढ्यात घेऊन मी बराच वेळ बसले.

२७ जून

मामा वारीत आहेत. दरवर्षी जातात, मीच जा म्हटलं. काल आयकरानं पोर्टलवर आणखी कागद मागितल्याचा मेसेज आला, ४ जुलैपर्यंत. आत जायला आधारचा ओटीपी हवा, फोन मामांजवळ.

सकाळी ऑफिसच्या नंबरवरून फोन लावला. मागे टाळ-मृदंग. "मामा, ओटीपी आलाय तो सांगा." पलीकडे शांतता. मग म्हणाले, "न्हाय सांगणार. कुणाला द्यायचा न्हाय असं तूच लिहून दिलंयस की." मी हसायला लागले, पण ते हसले नाहीत. "तू हाईस हे मला कसं कळावं? फोन ठेव. मी तुझ्या नंबरवर लावतो." दोन मिनिटांनी माझ्या मोबाईलवर त्यांचा फोन आला, आधी मामीचं माहेर कुठलं ते विचारलं, मगच आकडे सांगितले. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. महिन्यापूर्वी खाली मान घालून बसलेला माणूस हा.

वॉल्टचा उपाय बदलायला हवा असं दोघांनाही वाटलं नाही.

२ जुलै

हरियाणाचा लिफाफा परत आला. पाठीवर निळ्या बॉलपेननं पोस्टमनचा शेरा: 'इस पते पर इस नाम की कोई फर्म नहीं.' खाली सही, तारीख, गोल शिक्का. उघडला नाही. आहे तसा प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला, दोन्ही बाजूंची रंगीत प्रत काढून त्याच रेंजच्या अधिकाऱ्याला पाठवली. टपाल खात्याच्या माणसानं जागेवर जाऊन लिहिलेली साक्ष आहे ही. चाळीस रुपयांत.

दिल्लीचं पत्र परत आलं नाही. पोचपावतीवर कुणाची तरी हिंदीतली सही आहे.

१४ जुलै

एफआयआर झाली. पाच आठवडे, सहा फेऱ्या. तक्रारदाराला प्रत फुकट मिळते, तिच्या वीस झेरॉक्स काढल्या. त्याच दिवशी तिन्हीकडे पाठवल्या: आयकर, दिल्ली, हरियाणा.

२१ जुलै

माहिती अधिकारात हरियाणाचे कागद आले. रात्री जेवणं झाल्यावर ओट्यावर पसरून एकेक पाहिला.

भाडेकरार १२ जानेवारी २०२२ चा. भाडेकरू म्हणून मामांचं नाव, वडिलांचं नाव बरोबर, गावाचं स्पेलिंग चुकलेलं. फोटो पॅन कार्डावरचाच, कापून मोठा केलेला. कडेला पॅनवरच्या जाळीची फिकट रेघ अजून दिसते. आणि खाली सही. इंग्रजीत, सफाईदार, शेवटी एक लांब फटकारा.

मामा चौथी शिकलेत. त्यांची सही फक्त मराठीत आहे, तीन सुटी अक्षरं, आडनावाचा काना नेहमी ओळीच्या खाली उतरतो. पॅन कार्डावरही तीच. म्हणजे ज्या पॅनच्या आधारावर नोंदणी दिली, त्याच पॅनवर मराठी सही आणि शेजारच्या करारावर इंग्रजी! दोन कागद शेजारी ठेवून नुसती नजर टाकली असती तरी नोंदणी थांबली असती. मामांनी तो कागद दिव्याखाली धरला, बोटानं ती सही गिरवल्यासारखी केली आणि म्हणाले, "आपल्या नावाची किती चांगली सही केलीय यानं." नंतर कितीतरी वेळ कुणी बोललं नाही.

मग तारखेचा शोध. १२ जानेवारी २०२२ ला मामा कुठे होते? पासबुकात काही नाही, पट्ट्यांतही नाही. मामींना आठवलं, त्या वर्षी संक्रांतीच्या आधी लसीचा दुसरा डोस घेतला आणि दुसऱ्या दिवशी मामांना ताप भरला. प्रमाणपत्र काढलं: ११ जानेवारी २०२२, आमच्याच तालुक्यातलं आरोग्य केंद्र. १३ तारखेला सोसायटीच्या रजिस्टरमध्ये उचलीची सही आहे, सचिवांनी प्रमाणित प्रत दिली. अकराला इथे, तेराला इथे. मधल्या एका दिवसात तापानं फणफणलेला माणूस हरियाणात जाऊन करार करून परत आला, असं कोणी म्हणणार असेल तर म्हणू दे.

दिल्लीच्या अर्जाला मात्र नकार, त्रयस्थ व्यक्तीची माहिती आहे म्हणून. मामांच्याच नावाच्या फायलीत त्रयस्थ कोण? पहिलं अपील तयार केलं. मुदत तीस दिवसांची.

२ ऑगस्ट

त्या कर्जवाल्या माणसानं गावात आणखी कुणाकुणाचे कागद नेले होते ते मामांनी विचारून काढलं. अकरा जणं. देवळात बसून एकेकाचं पॅन जीएसटी पोर्टलवर टाकलं. दहा स्वच्छ. अकराव्या पॅनवर, एका विधवा काकूंच्या, गुजरातचा नंबर निघाला. त्यांना अजून कुठलीच नोटीस नाही. यायच्या आधीच कळलं, याचं मला फार समाधान वाटलं. त्यांची फाईल वेगळी घातली. आता काय आधी करायचं ते माहीत आहे, त्यामुळे जे मामांना दहा दिवस लागले ते काकूंचं दोन दिवसांत झालं.

१२ ऑगस्ट

आयकर कार्यालयात सुनावणी. मामा धुतलेला पांढरा शर्ट-टोपी घालून आलेले. अधिकाऱ्यांनी सगळे कागद पाहिले, मग मामांपुढे कोरा कागद सरकवून म्हणाले, "सही करा." मामांनी केली. काना ओळीखाली उतरला. त्यांनी तो कागद फायलीत लावला. वीस मिनिटांत बाहेर.

३ सप्टेंबर

हरियाणाच्या तिकिटावर उत्तर आलं. अधिकाऱ्यांनी जागेवर जाऊन पाहिलं, तिथे राहतं घर आहे, धंदा नाही. नोंदणी निलंबित, रद्द करायची नोटीस काढली. पोर्टलवर नंबर टाकला तर खरंच 'सस्पेंडेड'. जिवंत ठेवलेला तो नंबर थांबला. माझ्या दृष्टीनं या सगळ्या कामातला हाच सगळ्यात मोठा दिवस.

१८ सप्टेंबर

आयकराचा आदेश: २०२२-२३ साठी कलम १४८ ची, म्हणजे कर पुन्हा ठरवायची, नोटीस देण्याजोगं प्रकरण नाही. मामींनी देवापुढे साखर ठेवली.

६ ऑक्टोबर

हरियाणाची नोंदणी रद्द, नोंदणीच्या पहिल्या तारखेपासून. ही तारीख महत्त्वाची. आजपासून रद्द केली असती तर मधली पावणेचार वर्षं मामांच्या नावावर राहिली असती.

१४ ऑक्टोबर

अपिलानंतर दिल्लीचे कागद आले. खरं दुखणं इथे आहे. २०२४ मध्येच एकतर्फी आदेश झालाय: कर ८३ लाख १६ हजार, तेवढाच दंड, वर व्याज. नोटिसा पोर्टलवर आणि त्या भलत्या ईमेलवर गेल्या, मामांना एकही नाही. अपील करायचं तर आधी वादातल्या कराच्या दहा टक्के भरावे लागतात, म्हणजे सव्वाआठ लाख. जो कर मामांचा नाहीच, त्याच्यासाठी बाग विकायची का? वकिलांचं मत, आदेश मागे घ्यावा म्हणून अधिकाऱ्यांना सगळ्या पुराव्यासह अर्ज करा, आणि नाही ऐकलं तर उच्च न्यायालयात रिट याचिका. अर्ज पाठवला. सोबत आयकराचा आदेश आणि हरियाणाचा रद्द आदेशही.

दिल्लीच्या करारावरही तीच इंग्रजी सही, तोच फटकारा. लाईट बिल कुणा बाईंच्या नावाचं.

९ नोव्हेंबर

रविवारी सकाळी दिल्लीहून फोन. माझ्या जूनमधल्या पत्रावर नंबर होता. लाईट बिलातल्या बाईंचा मुलगा बोलत होता. पत्र आईनं घेतलं, घाबरून कपाटात ठेवलं, दिवाळीच्या साफसफाईत त्याच्या हाती लागलं. त्यांनी कुणालाही जागा भाड्यानं दिलेली नाही. २०२३ मध्ये अधिकारी येऊन घर बघून गेले तेव्हापासून आई दार वाजलं की दचकते. ते बिल कुणाच्या हाती गेलं तेही त्यांना ठाऊक नाही. मी त्यांना एफआयआरची प्रत पाठवली. मामांनी फोन घेतला आणि मोडक्या हिंदीत म्हणाले, "माताजी को बोलो, हमारा भी वैसाच हुआ है. डरना नहीं."

२ डिसेंबर

दिल्लीहून स्पीड पोस्टानं त्या बाईंचं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र आलं: ही जागा माझी, इथे कधी भंगाराचा धंदा नव्हता, करारावरची मालक म्हणून केलेली सही माझी नाही. सही हिंदीत, थरथरत्या हातानं केलेली. मूळ प्रत फायलीत, एक दिल्लीच्या अधिकाऱ्यांना, एक सायबर ठाण्याला पाठवली. वकिलांकडे शुक्रवारी जायचं आहे, रिटचा मसुदा बघायला. मामा म्हणालेत, तिकडं बोलावलं तर मी येणार, आणि त्या माताजींसाठी दोन किलो बेदाणा आत्ताच बाजूला काढून ठेवलाय.